यंत्रमानवाचा डावा पाय

प्रौढ वयाच्या लेखकानें खेळण्यांविषयीं लिहावें, हें आमच्या कांहीं वाचकांस रुचणार नाहीं. परंतु गेलीं सहा वर्षें आमचे दिवस ज्या दोन गोष्टींच्या मापानें मोजले जात आहेत, त्यांपैकीं एक आजार आहे व दुसरें हें खेळणें; आणि एकाविषयीं लिहूं गेल्यास दुसऱ्यास वगळतां येत नाहीं.

प्रथम खेळण्याची कुळकथा. इ. स. १९७९ सालीं जपानांत दूरचित्रवाणीवर 'मोबाईल सूट गंडम' ही चित्रमालिका सुरू झाली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. यंत्रांचीं रेखाटनें कुनिओ ओकावारा यांचीं. अठरा मीटर उंच यंत्रमानवाच्या पोटांत बसून एक कोवळा मुलगा युद्ध लढतो, असें तें कथानक. त्या वेळीं प्रेक्षक बेताचेच लाभले, व ५२ भागांची मालिका ४३ भागांतच आटोपती घ्यावी लागली. पुढें १९८० च्या जुलैंत बंदाई कंपनीनें त्याच वीराचे सुटे भाग पेटींत घालून ३०० येनांस विकावयास काढले, आणि बुडालेल्या मालिकेचें नांव घरोघर गेलें. प्रमाण १:१४४; म्हणजे अठरा मीटरांचा वीर साडेबारा सेंटीमीटरांचा होऊन मेजावर उभा राहतो. शिझुओका हें ह्या धंद्याचें माहेर. लाकूडकामाच्या जुन्या कसबावर तेथें आधीं लाकडी प्रतिकृती होऊं लागल्या, मग प्लॅस्टिकच्या.

पूर्वी हे भाग डिंकासारख्या द्रवानें चिकटवावे व हातानें रंगवावे लागत. आतां ते रंगीतच येतात व खुंटी खांचेंत दाबली कीं घट्ट बसतात. भाग एका चौकटीस देठांनीं जडलेले असतात. देठ एकदम मुळाशीं कापूं नये. आधीं थोडें अंतर राखून कापावा, मग उरलेला तुकडा छाटावा, आणि शेवटीं बारीक पॉलिश-कागदानें घासावा. घाई केल्यास तेथें पांढरा डाग उमटतो, तो जातां जात नाहीं. अशा कामांत आम्हांस एवढें सुख कां, हें पुढें येईलच.

आतां आजार. १९५५ सालीं लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयांत अनेक कर्मचारी एकाएकीं आजारी पडले, व पुढल्या वर्षीं त्या दुखण्यास 'मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस' हें नांव सुचविलें गेलें. १९८८ मध्यें अमेरिकेंत 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' हें नांव पुढें आलें, आणि ह्या दुसऱ्या नांवानें रोग्यांचें पुष्कळ नुकसान केलें असें आमचें मत आहे. थकवा कोणास येत नाहीं? स्वयंपाकघरांतून बाहेर पडलेली प्रत्येक गृहिणी थकलेलीच असते. पण तिचा थकवा झोपेनें उतरतो. ह्या आजारांत झोप होऊनही माणूस न झोपल्यासारखा उठतो, आणि झेपेल त्याहून थोडें अधिक केलें कीं त्याची शिक्षा त्याच वेळीं न मिळतां बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशीं मिळते: अंग ठणकतें, वाचलेलें वाक्य डोक्यांत ठरत नाहीं, उभें राहवत नाहीं. रक्ताच्या तपासणींत कांहींच सांपडत नाहीं. निदान करणारी अशी तपासणी अजून निघालेली नाहीं, रामबाण औषधही नाहीं.

एका तापानंतर आम्ही असे पडलों तेव्हां आमच्या डॉक्टरांनीं रोज थोडें थोडें अधिक चालण्यास सांगितलें. आम्ही निष्ठेनें चाललों, आणि चौथ्या आठवड्यांत अंथरुणास खिळलों. त्यांस एकट्यास दोष देववत नाहीं. व्यायाम क्रमानें वाढविण्याचा उपाय ब्रिटनच्या २००७ च्या मार्गदर्शिकेंतही होता. २०२१ सालीं ती बदलली व तो उपाय वगळला गेला. आतां सांगतात तें एवढेंच, कीं शक्ति जितकी आहे तिच्या आंत राहावें.

ही आंत राहण्याची विद्या आम्हांस पेटीनें शिकविली. पुतण्यानें ती आणून दिली तेव्हां आम्ही हंसलों होतों. वीस मिनिटें बसावें, चार भाग कापावे, झांकण लावावें. काम अर्धें राहिलें तरी नासत नाहीं, कोणी खोळंबत नाहीं. एका संध्याकाळीं मात्र छातीचा भाग पुरा करण्याच्या मोहांत दीड तास बसलों, व पुढचे चार दिवस खिडकीचा पडदाही सारूं दिला नाहीं.

घरांत यावरून बोलणें झालें नाहीं असें नाहीं. थोरले बंधू एकदां म्हणाले, "खेळण्यापाशीं बसवतें, मग पंगतीला कां बसवत नाहीं?" प्रश्न आम्हांस लागला, पण तो खोटा नव्हता. पंगतींत मधेंच उठतां येत नाहीं, चार जणांशीं बोलावें लागतें, आणि वीस मिनिटांनीं झांकण लावतां येत नाहीं, हें आम्ही सांगितलें. दादा कांहीं बोलले नाहींत. वहिनींनीं ताट खोलींत आणून ठेवलें. तें त्या दिवशीं गोड लागलें नाहीं.

गेल्या वैशाखांत त्यांच्या धाकट्या मुलीचें लग्न झालें. तीन आठवडे आधींपासून आम्ही पेटी उघडली नाहीं, पत्रें लिहिलीं नाहींत, स्नानही दिवसाआड केलें. मुहूर्ताला खुर्चीवर बसून मंगलाष्टकें ऐकलीं, अक्षता टाकल्या, आणि घरीं परतलों. मग अकरा दिवस अंधाऱ्या खोलींत गेले. त्या अकरा दिवसांत दादा रोज दोनदां दारांत येऊन उभे राहत. आंत येत नसत, कारण बोलणें ऐकवत नव्हतें हें त्यांस कोणी न सांगतां कळलें होतें.

हल्लीं दुपारीं ते चष्मा लावून देठ कापून देतात. हात जड आहे, पांढरे डाग पडतात, आणि आम्ही ते घासून काढण्याच्या भानगडींत पडत नाहीं. वीस मिनिटें झालीं कीं वहिनी आंतून हांक मारतात व ते झांकण लावतात. डावा पाय गुडघ्यापर्यंत झाला आहे.