सातच्या भोंग्याला आई कुठं?

आमच्या बापजाद्यांना अक्षर वाचू दिलं नाही. ते पाटलाच्या कपाळावरची आठी वाचून जगले. आज लोणी काळभोरच्या खोलीत पोरगं मोबाइलात. शेजारी बहीण रडते तरी मान वर होत नाही.

२०१४ साली कॅलिफोर्नियातला एक अभ्यास छापून आला. सहावीची ५१ पोरं पाच दिवस पडद्यावाचून शिबिरात राहिली, अन् चेहऱ्यावरचा राग-दुःख ओळखण्यात बाकीच्यांपुढं गेली. पाचच दिवस! सांगलीकडं मोहित्यांचे वडगावात २०२२ साली संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. झकास.

पण सातला आमची आई परक्याची भांडी घासते, बाप टँकरवर, नाहीतर माझ्यासारखा गोदीत. पोरानं चेहरा वाचायचा कुणाचा, भिंतीचा? आईला अक्कल शिकवणाऱ्या पांढरपेशांनो, आठ तासांत पोट भरेल एवढी मजुरी टाका. भोंगा आम्ही वाजवतो.