लॉगिनचं वॉलेट वेगळं ठेवा, रिकामं ठेवा

पाककृतींचं संकेतस्थळ असो, जुन्या मासिकाचा अंक उतरवून घ्यायचा असो, की एखाद्या आजाराबद्दल इतर रुग्णांचे अनुभव वाचायचे असोत, दारातच मोबाइल नंबर मागतात. नंबर दिला की ओटीपी येतो, ओटीपी टाकला की तो नंबर कायमचा त्यांच्याकडे राहतो. आपल्याकडे हाच नंबर बँकेला जोडलेला असतो, आधारला असतो, यूपीआयलाही असतो. दहा आकड्यांवरून माणसाच्या नावापर्यंत पोहोचणं अवघड नाही. म्हणून ‘नंबर नको, ईमेल नको, नाव नको, वॉलेट जोडा आणि आत या’ असं कुणी म्हटलं की ते मनाला पटतं. ही सोय चांगली आहे असंच माझं मत आहे. पण ती ‘निनावी लॉगिन’ म्हणून सांगितली जाते, तशी ती नाही. या गैरसमजात लोक आधी गुप्तता घालवतात आणि मग पैसेही. ज्यांनी असं वॉलेट उघडलं आहे किंवा जे उघडायच्या विचारात आहेत, त्यांना मला काही गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत.

आधी हे चालतं कसं ते पाहू. ब्लॉकचेनचं वॉलेट म्हणजे मेटामास्कसारखं एखादं ॲप, किंवा ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम. नाव वॉलेट असलं तरी त्यात पैसे नसतात, किल्ल्या असतात. खासगी किल्ली तुमच्या फोनबाहेर जाता कामा नये. तिच्यापासून तयार होणारा पत्ता मात्र कुणीही पाहावा असाच असतो. इथेरियम या ब्लॉकचेनवर तो ४० आकडे-अक्षरांचा असतो. तुम्ही लॉगिन करायला जाता तेव्हा संकेतस्थळ एक मजकूर पाठवतं, तुमचं वॉलेट खासगी किल्लीने त्यावर सही करतं, आणि ही सही याच पत्त्याच्या मालकाची आहे हे संकेतस्थळ गणिताने ताडून पाहतं. किल्ली कुठे जात नाही. पासवर्ड मुळात नसतोच, त्यामुळे उद्या त्या संकेतस्थळावर डल्ला पडला तरी चोराला तुमचा पासवर्ड मिळत नाही.

या मजकुराचं एक ठरलेलं रूप २०२१ मध्ये इथेरियमसाठी तयार झालं. ईआयपी-४३६१ हे त्याचं नाव. मजकूर इंग्रजीत येतो, पण तो समजून घ्यायला फार इंग्रजी लागत नाही. पहिल्याच ओळीत कोणतं संकेतस्थळ सही मागतंय ते असतं, खाली तुमचा पत्ता, मग एकदाच वापरायचा सांकेतिक क्रमांक, आणि तारीख-वेळ. हा क्रमांक दर वेळी बदलतो, म्हणजे कालची सही पळवून आज कुणाला आत शिरता येत नाही. पहिल्या ओळीतलं नाव आणि ब्राउझरच्या पट्टीतलं नाव अक्षरनअक्षर एकच आहे का, एवढं दर वेळी पाहा. पाच सेकंदांचं काम आहे.

आणखी एक खूण पक्की लक्षात ठेवा. लॉगिनच्या सहीला पैसे लागत नाहीत. ती ब्लॉकचेनवर नोंदलीही जात नाही. ‘लॉगिन करा’ म्हणत कुणी शुल्क मागू लागलं, तर ते लॉगिन नव्हे; तो व्यवहार आहे. तिथेच थांबा.

पण शुल्क नाही म्हणजे धोका नाही, असं मात्र समजू नका. सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. काही सह्या फुकट असतात आणि तरीही त्यांच्या जोरावर दुसरा माणूस तुमच्या पत्त्यावरचा ऐवज उचलू शकतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये ओपनसी या डिजिटल चित्रांच्या बाजारात नेमकं हेच झालं. लोकांनी अर्धवट भरलेल्या विक्रीच्या मजकुरावर सह्या केल्या होत्या. उरलेला मजकूर चोराने नंतर भरला. कोऱ्या स्टँप पेपरवर सही करून जमीन घालवणारी माणसं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि इथेही तेच घडलं. अशी १७ माणसं फसली. तेव्हा सहीच्या चौकटीत ‘परमिट’, ‘अप्रूव्ह’ असे शब्द दिसले, मोठमोठ्या रकमा दिसल्या, किंवा नुसतीच अर्थ न लागणारी आकड्या-अक्षरांची रांग दिसली, तर नकार द्या. नकार दिल्याने काही बिघडत नाही. फार तर ते पान उघडणार नाही.

कुणी म्हणेल, मी फक्त खात्रीच्याच संकेतस्थळांवर जातो. डिसेंबर २०२१ मध्ये बॅजरडाओ या सेवेच्या खऱ्याखुऱ्या संकेतस्थळातच चोरांनी आपला कोड घुसवला होता. पट्टीतला पत्ता अस्सल होता, पान अस्सल होतं, फक्त मधेच एक जादा परवानगी मागितली जात होती. लोकांनी ती दिली आणि सुमारे १२ कोटी डॉलर गेले. डोळ्यांत तेल घालून वाचणारा माणूसही एखाद्या संध्याकाळी दमलेला असतो. म्हणून माझं मुख्य सांगणं हे आहे, की लॉगिनसाठी वेगळं वॉलेट करा आणि त्यात काहीही ठेवू नका. रुपयाचंसुद्धा नाणं नको. लॉगिनला पैसे लागतच नाहीत, तर ठेवायचे कशाला? चुकीच्या सहीने चोर आत आला तरी त्याला न्यायला काही मिळता कामा नये. ज्यांच्याकडे खरोखर काही ऐवज आहे त्यांनी ते वॉलेट कुठल्याही संकेतस्थळाला लॉगिनसाठी जोडू नये. एकाच वॉलेटमध्ये दुसरा पत्ता काढून भागवू नका. नवं वॉलेट, नवे बारा शब्द.

हे बारा शब्द कोणते ते सांगतो. वॉलेट उघडताना २,०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतून तुम्हाला १२ किंवा २४ शब्द मिळतात. सगळ्या किल्ल्या त्यांच्यातूनच निघतात. ज्याच्या हाती ते शब्द, त्याचं वॉलेट. ते कागदावर, दिलेल्या क्रमाने आणि इंग्रजी स्पेलिंगमध्येच लिहा. देवनागरीत उच्चार लिहिलात तर दोन वर्षांनी स्पेलिंगचा घोळ होईल. फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवू नका. आणि कोणतंही संकेतस्थळ, कोणताही ‘कस्टमर केअर’, कोणताही जाणकार मित्र ते शब्द मागू लागला, तर तो तुम्हाला लुबाडायलाच आला आहे. लॉगिनसाठी ते कधीही, कुठेही टाकावे लागत नाहीत.

शब्द हरवले आणि फोनही बिघडला, तर खातं गेलं. ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण इथे नाही, शाखेत जाऊन अर्ज करता येत नाही. म्हणून नोकरीचं, मुलांच्या शिक्षणाचं, औषधोपचाराचं असं महत्त्वाचं कोणतंही खातं फक्त वॉलेटच्या भरवशावर ठेवू नका. आत जाण्याचा दुसरा मार्ग जोडून ठेवा.

आता त्या ‘निनावी’ प्रकरणाकडे येतो. ब्लॉकचेन म्हणजे सगळ्या जगाला उघडी असलेली वही. तुमच्या पत्त्यावर काय आलं, काय गेलं, कधी गेलं, हे इथरस्कॅनसारख्या पानावर शाळकरी पोरगंही पाहू शकतं, आणि ती नोंद पुसता येत नाही. तुमचं नाव तिथे नसतं हे खरं. पण नाव कळायला एक दुवा पुरतो. क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एखाद्या भारतीय एक्स्चेंजवरून त्या पत्त्यावर एकदा जरी रक्कम आली, तरी त्या एक्स्चेंजकडे तुमचा पॅन असतो. मार्च २०२३ पासून अशा कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या आहेत आणि ग्राहकाची ओळख ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. कुणी हौसेने आपल्या नावाचं ‘डॉट ईटीएच’ नाव घेऊन त्या पत्त्याला जोडतो. मग शोधायचीही गरज उरत नाही.

२०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून १,१९,७५४ बिटकॉइन चोरीला गेले. चोरांनी ते असंख्य पत्त्यांवरून फिरवले. तरी त्या उघड्या वहीचा माग काढत अमेरिकी तपास यंत्रणा फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका जोडप्यापर्यंत पोहोचली. लपण्यासाठी धडपडणाऱ्या तरबेज माणसांचं हे झालं, तर सहज म्हणून वॉलेट जोडणाऱ्याचं काय होईल याचा विचार करा. चोर पकडले गेले हे चांगलंच झालं. पण तीच वही एखाद्या संशयी नवऱ्यालाही वाचता येते, कंपनीच्या मालकालाही आणि उधारीवर टपलेल्या सावकारालाही.

त्याहून मोठी अडचण मला वेगळीच वाटते. तुम्ही चार ठिकाणी एकाच वॉलेटने लॉगिन केलंत, तर चारही ठिकाणी तुमची ओळख एकच आहे. मनोविकाराबद्दल बोलायची जागा, राजकारणावर वाद घालायची जागा, नोकरी शोधायची जागा आणि खरेदीची जागा यांनी आपापल्या याद्या एकमेकांशी जुळवल्या, किंवा त्या फुटल्या, की चार तुकड्यांतून अख्खा माणूस उभा राहतो. ईमेल चार ठेवता येतात, तसे पत्तेही वेगळे ठेवावे लागतात. जिथलं बोलणं खासगी राहायला हवं, तिथला पत्ता दुसरीकडे वापरू नका. आणि एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पैसे पाठवू नका. त्या एका व्यवहाराने दोन्ही पत्ते कायमचे जोडले जातात. शिवाय तुमच्या इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता संकेतस्थळाला दिसतच असतो. वॉलेट बनवणाऱ्यांनाही तो दिसू शकतो: मेटामास्कच्या कन्सेन्सिस कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या गोपनीयता धोरणात तसं लिहिलं, तेव्हा अनेक वापरकर्त्यांना प्रथमच ते कळलं आणि बराच गदारोळ झाला.

मग पर्याय काय? बहुतेक वाचकांना मी पासकी सुचवेन. तत्त्व तेच, किल्ल्यांची जोडी आणि सही. पण ब्लॉकचेन नाही, शुल्क नाही, बारा शब्द नाहीत. मार्च २०१९ मध्ये याचं वेबसाठीचं मानक ठरलं, आणि आता आयफोन व अँड्रॉइड दोन्हींत ते आलेलं आहे. बोटाचा ठसा किंवा फोनचा पिन दिला की काम होतं. ठसा फोनबाहेर जात नाही. मुख्य म्हणजे प्रत्येक संकेतस्थळासाठी किल्ली वेगळी असते, म्हणून दोन संकेतस्थळांना फक्त किल्लीवरून तुम्हाला ओळखता येत नाही. किल्ली त्या संकेतस्थळाच्या नावाशी बांधलेली असल्यामुळे नकली पानावर ती चालतच नाही. ज्या खबरदाऱ्या वॉलेटवाल्याला डोळ्यांनी घ्याव्या लागतात त्यांतल्या बऱ्याचशा इथे फोनच घेतो. वॉलेट हवं ते ज्यांचं कामच ब्लॉकचेनवर आहे त्यांना, किंवा ज्यांना आपली ओळख गूगल-ॲपलच्या हाती ठेवायची नाही त्यांना. ही दुसरी इच्छा रास्त आहे, तिला कमी लेखू नये.

ओळखीचे दाखले हा याच्या अगदी उलटा मामला. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीला २०२२ मध्ये जातीचे ६५,००० दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनच्या आधारे देण्याचं काम हाती घेतलं गेलं. बनावट दाखल्यांना आळा बसावा हा हेतू, आणि तो योग्य आहे. तिथे नाव दिसणं हेच काम आहे. पुढे पदवी, परवाना, सभासदत्व असे दाखले वॉलेटमध्ये येऊ लागतील. ज्या पत्त्यावर तुमच्या नावाचा दाखला येईल, तो पत्ता त्या दिवसापासून निनावी कामाला बाद समजा. आणि ओळखीच्या नावाखाली कुणी डोळ्यांचा स्कॅन मागितला तर देऊ नका. वर्ल्डकॉइन या प्रकल्पाने तो घेऊन बदल्यात डिजिटल नाणी वाटली. केनियाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणि स्पेनने मार्च २०२४ मध्ये ते काम थांबवायला लावलं. पत्ता बदलता येतो, डोळा बदलता येत नाही.

इतकं करूनही फसवणूक झालीच, तर लाजू नका आणि वेळ दवडू नका. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करा. बँकेतून किंवा यूपीआयमधून गेलेली रक्कम वेळेत कळवली तर गोठवता येते. ब्लॉकचेनवरून गेलेली रक्कम परत फिरवण्याची सोय नाही; तरीही तक्रार करा, कारण मागोवा तिथूनच सुरू होतो.

शेवटची विनंती मराठी संकेतस्थळं चालवणाऱ्यांना आहे. ग्रंथालयं, दिवाळी अंक, आरोग्य सल्ल्याची पानं, मंडळं यांनी वाचकाला वॉलेटच्या वाटेला जायची पाळीच का आणावी? नुसतं वाचायला येणाऱ्याकडे मोबाइल नंबर मागू नका. खातं लागतच असेल तर पासकी ठेवा, नंबर ऐच्छिक ठेवा, आणि आजवर गोळा करून ठेवलेले जे नंबर तुमच्या कामाचे नाहीत ते पुसून टाका.