गर कोणाच्या वाटीत, चीक कोणाच्या हातावर?

मुळशी तालुक्यातल्या बचत गटांच्या भगिनींसह आम्ही नुकतेच सिंधुदुर्गात जाऊन काजूची एक बाग आणि तिला लागून असलेला प्रक्रिया कारखाना पाहून आलो. "असा उद्योग तुम्हीही काढा" असा सल्ला बचत गटांना सतत दिला जातो. उद्योग जरूर काढावा. पण तो कोणाच्या मालकीचा, हे आधी ठरले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी काम समजून घेऊ. बोंडापासून वेगळी केलेली बी उन्हात वाळवतात, वाफवतात आणि मग फोडतात. गर काढून तो तापवतात, वरची तांबूस साल सोलतात आणि शेवटी प्रतवारी करतात. साधारण चार किलो बीतून एक किलोच्या आसपास गर मिळतो. बाजारात 'डब्ल्यू-३२०' म्हणतात तो पौंडाला ३०० ते ३२० अख्खे गर बसणारा माल. गर अख्खा राहिला तर भाव, फुटला तर पाकळी किंवा तुकडा. म्हणजे मालाची किंमत ठरते ती फोडणाऱ्या आणि सोलणाऱ्या बाईच्या बोटांवर. त्याच बोटांना टरफलातला चीक लागतो. तो कातडी भाजतो, काळी करतो. हे काम बहुतेक ठिकाणी बायाच करतात, आणि मजुरी अनेकदा किलोवर असते.

किलोवर मजुरी म्हणजे काय? वीज गेली, बी आली नाही, बाई आजारी पडली, तर तोटा तिचा. मालक म्हणतात, धोका आम्ही पत्करतो. ते पूर्ण खोटे नाही. आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणावर बी येते, तिच्या दरापुढे छोटा बागायतदारही कोलमडतो. पण त्याच्याकडे झाड उरते. बाईकडे काय उरते? भाजलेले हात! किलोवर काम करणारी बाईसुद्धा कामगारच आहे आणि किमान वेतन तिलाही लागू आहे, हे तिला कोणी सांगतच नाही.

आता जमिनीकडे येऊ. १९९० पासून महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड झाली. कोकणातल्या डोंगरउतारांवर काजू-आंबा उभा राहिला, हे चांगलेच झाले. पण अनुदान सातबारा असणाऱ्याला. भूमिहीनाला मिळाली खड्डे खणण्याची मजुरी, तीही काही दिवसांची. झाड मात्र पुढची कित्येक वर्षे दुसऱ्याला उत्पन्न देत राहिले. जात आणि जमीन यांचे नाते ज्या समाजात इतके घट्ट आहे, तिथे 'सर्वांसाठी योजना' ही जमीनवाल्यांचीच योजना होते.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर त्यांनी शेतीच राज्याच्या मालकीचा उद्योग करावी, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन हा भेदच राहू नये, अशी मांडणी केली. नुसता रोजगार त्यांनी मागितला नव्हता. मालकीचा प्रश्न त्यांनी मुळाशी ठेवला होता.

आमच्या मुळशीला हा धडा नवा नाही. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह झाला, धरण तरीही झाले. आज हिंजवडीच्या परिसरात जमिनीला सोन्याचा भाव आहे. भरपाई असो की भाव, तो कागदावरच्या नावाला मिळतो. ज्याचे नाव कागदावर नाही, त्याचे नुकसान कोणी मोजत नाही.

म्हणून बचत गटांनी प्रक्रिया उद्योग काढताना, मग तो काजूचा असो वा दुसऱ्या कशाचा, चार गोष्टींवर अडून बसावे. यंत्रे गटाच्या नावावर हवीत. हिशेबाची वही प्रत्येक सभासद बाईला पाहता आली पाहिजे. हातमोजे आणि औषध हा उपकार नसून खर्चाचा भाग आहे. आणि भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांनी कर्मवीर दादासाहेब गायकवाड योजनेतून चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमिनीसाठी समाजकल्याण कार्यालयात अर्ज करावा, उत्तर लेखी मागावे.

शिकलो, संघटित झालो, तर संघर्ष कशासाठी करायचा हेही ठरले पाहिजे. दुसऱ्याच्या कारखान्यात चांगली मजूर होणे हे भगिनींचे अंतिम ध्येय असू शकत नाही.

जय भीम!