मूल हट्ट कुणाकडून शिकते?

वस्तीत पालकांच्या बैठका घेताना एक तक्रार हमखास ऐकू येते. "पोरगं फार हट्टी झालंय हो, दुकान दिसलं की रस्त्यात लोळण घेतं." कुणी म्हणते, रक्तातच आहे. कुणी म्हणते, दोन ठेवून द्या, सरळ होईल. मानसशास्त्राचे उत्तर निराळे आहे.

अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेले मांजर पेटीत कोंडायचे, खाणे बाहेर ठेवायचे. आतली दोरी ओढली की दार उघडे. मांजर आधी नुसते ओरबाडायचे, चावायचे, आणि कधीतरी चुकून दोरी ओढली जायची. खेपेगणिक वेळ कमी लागू लागला. शेवटी तर कोंडताच पंजा दोरीवर! ज्या कृतीतून सुख मिळते ती पुन्हा होते, हा त्यांचा परिणामाचा नियम.

पुढे बी. एफ. स्किनर यांनी उंदीर घेतले. दांडा दाबला की अन्नाची गोळी पडे. या गोळ्या ते स्वतः बनवीत. एका शनिवारी त्यांनी साठा मोजला, तर सोमवारी सकाळीच तो संपणार! (आम्हा कारकुनांना हा माणूस आपलाच वाटावा.) म्हणून दर वेळी गोळी न देता मिनिटाला एकच द्यायची असे त्यांनी ठरवले. तरी उंदीर दाबतच राहिला. पुढे असेही दिसले की, कधी मिळते कधी नाही अशी सवय लागलेला प्राणी गोळी पूर्ण बंद झाल्यावरही जास्त काळ चिकटून राहतो.

आता आपल्या घरात पाहा. चार वेळा 'नाही' म्हणून पाचव्यांदा कुरकुरीत पाकीट हातात दिले, की पोर शिकते, पाच वेळा रडायचे असते. आईही शिकते. पाकीट दिले की आवाज बंद, चारचौघांत लाज वाचते. दिवसभर राबून आलेल्या बाईला तेवढी शांतता मोठीच असते, तिला दोष कसा द्यावा?

मारामुळे रडणे थांबते, पण तेवढ्यापुरतेच. मार देणारा बाप कामावर गेला की हट्ट परत येतो. त्याऐवजी काय करायचे, हे मार सांगत नाही. स्किनर स्वतः शिक्षेच्या विरोधात होते. नीट मागितले तेव्हा लगेच लक्ष द्या, जमेल तर वस्तू द्या, नाही तर शाबासकी द्या. रडून मागितले तर देऊ नका. पहिले काही दिवस रडणे वाढूही शकते. भुकेचे किंवा दुखण्याचे रडणे मात्र वेगळे, तिथे थांबायचे नाही.

आणि आजीला आधीच विश्वासात घ्या. तिने पदराआडून एक गोळी दिली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.