पेराखाली कापा, बाटली घासा

मनीप्लांटची फांदी कुणाकडून तरी मागून आणायची, बाटलीत खोचायची आणि वाट बघायची. कुणाकडे ती फुटते, कुणाकडे सडते, आणि सडली की ‘माझ्या हाताला झाडच लागत नाही’ असं म्हणून माणसं नाद सोडतात. कृपा करून असं म्हणू नका. फांदी कुठे कापली आणि पाणी केव्हा बदललं, यावरच सगळं ठरतं.

फांदी हातात घेऊन नीट पाहा. पानाचा देठ जिथे फांदीला जोडलेला असतो, तिथे गाठीसारखं पेर असतं आणि त्याला तपकिरी, बोथट टोक आलेलं दिसतं. मुळं तिथूनच सुटतात. त्या पेराच्या अर्धा इंच खाली स्वच्छ कात्रीने कापा. निदान एक पेर पाण्यात बुडलंच पाहिजे. नुसतं पान देठासकट ठेवलंत तर ते बरेच दिवस हिरवं राहील, पण त्याचा वेल होणार नाही. पाण्याखाली जाणारी पानं मात्र काढा; ती कुजली की पाणी नासतं. बाटली उजेडात ठेवा, कडक उन्हात नको.

आता पाणी. ते कमी झालं की वरून भर घालायची, ही सवय मोडायला हवी. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मुळं गुदमरतात. शिवाय डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटवून. ती कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, बाटली आतून ब्रशने घासावी लागते. अंड्याचा डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी करायला सांगतं, त्यात ही बाटलीही धरा.

मुळं एक-दोन इंचांची झाली की फांदी कुंडीत लावा. पाण्यातली मुळं नाजूक असतात. फार लांब वाढू दिली तर मातीत रुळायला त्रास होतो. पहिले आठ-दहा दिवस माती ओलसर ठेवा. पुदिन्याच्या आणि तुळशीच्या फांद्याही पाण्यात अशाच फुटतात.

घरात अशी एखादी बाटली असेल, तर आजच तिचं पाणी बदला.