डोंगर शांत असतानाच काढायचा नकाशा

आपल्या किरनापुरात ज्वालामुखी नाही. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी पार अंदमानच्या समुद्रात, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटरवर, बॅरन बेटावर आहे. दीडशेहून अधिक वर्षे गप्प राहून तो १९९१ साली जागा झाला. २३ जानेवारी २०१७ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे अभय मुधोळकर आणि त्यांचे सहकारी ‘सिंधु संकल्प’ जहाजावरून जवळच समुद्रतळाचे नमुने घेत होते. तेवढ्यात बेटातून राख उसळली, आणि अंधार पडल्यावर लाव्हाची लाल कारंजी दिसली.

पण जहाज तिथे रोज नसते. रोजची नजर उपग्रहांची. त्यांचे कॅमेरे रात्रीही जमिनीची उष्णता टिपतात. रडारच्या दोन वेळच्या प्रतिमा ताडून पाहिल्या, की डोंगर काही सेंटीमीटर फुगला असला तरी कळते.

पुढचे काम माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या ओळखीचे. जमिनीच्या उंचीचे आकडे संगणकात भरायचे, लाव्हा किंवा चिखल उतारावरून सोडून पाहायचा, प्रमाण बदलत पुन्हा पुन्हा. जिथे तो वारंवार पोहोचतो, तो भाग नकाशावर लाल. स्फोट कधी होईल हे असे मॉडेल सांगत नाही. झालाच तर कुठे थांबू नये, एवढे सांगते.

तेवढेही पुष्कळ असते, पण ऐकले तर! कोलंबियातल्या नेवादो देल रुईझचा असा नकाशा ऑक्टोबर १९८५ मध्ये तयार होता. आर्मेरो गाव त्यात धोक्याच्या पट्ट्यात होते. १३ नोव्हेंबरच्या रात्री स्फोटाने डोंगरावरचा बर्फ वितळला आणि सुमारे अडीच तासांनी चिखलाचा लोंढा गावात शिरला. त्या रात्री २० हजारांहून अधिक माणसे गेली. गाव वेळेत रिकामे केलेच नव्हते. उलट १९९१ साली फिलिपिन्समध्ये पिनातुबोच्या मोठ्या स्फोटाआधीच हजारो लोकांना हलवले गेले, आणि ते वाचले.

आपल्या जिल्ह्यात लाव्हा नाही, पण वैनगंगा आहे. तिचा पूर कुठवर येईल याचा नकाशाही याच रीतीने, जमिनीच्या उंचीवरून काढतात. लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमा आज कुणालाही फुकट मिळतात. तरुण मंडळींनो, पावसाळ्याआधी त्या उघडा, नदीकाठच्या आपल्या नातलगांच्या घरांची जागा शोधा, आणि आजी-आजोबांना विचारा, पाणी कुठवर आले होते? त्यांची खूण आणि तुमचा नकाशा जुळतो का, ते पाहा. आणि जे कळेल ते त्या घरांपर्यंत नक्की पोहोचवा.