जुनी पक्कड मोडीत घालण्यापूर्वी

विद्यालयाच्या स्मरणिकेत संस्थापकांच्या त्यागाविषयी, दात्यांच्या औदार्याविषयी आणि विद्यार्थ्यांच्या यशाविषयी लिहिण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. आम्ही मात्र या पानांवर एका लोखंडी वस्तूविषयी लिहिण्याची अनुज्ञा मागत आहोत. ती वस्तू म्हणजे पक्कड. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील आम्ही काही माजी विद्यार्थी गेली काही वर्षे जुन्या पकडी गोळा करीत आहोत. त्यातही एकाच हत्यारात अनेक कामे सामावलेल्या आणि जबडा कमीअधिक उघडता येणाऱ्या पकडींवर आमचे विशेष लक्ष असते. हा छंद कोणास चमत्कारिक वाटेल. त्यामागील विचार विद्यालयाच्या परिवारासमोर ठेवावा आणि एक मागणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या हत्यारांविषयी. साध्या पकडीची खीळ एकाच जागी बसलेली असते. मिळत्या-जुळत्या जबड्याच्या पकडीत खिळीसाठी दोन भोकांची जोडलेली खाच असते. दांडे पुरते फाकवून खीळ एका भोकातून दुसऱ्यात सरकवली की जबडा अधिक रुंद उघडतो. पाण्याच्या पंपासाठी वापरल्या जाणाऱ्या पकडीत अशा चढत्या खाचांची रांगच असते. आमच्याकडे एक पक्कड अशी आहे की तिच्या एका दांड्याचे टोक चपटे करून पेचकस बनवले आहे, तर खिळीजवळ तार तोडण्याची धार आहे. दुसरीच्या एका अंगाला हातोडीचे तोंड आणि दुसऱ्या अंगाला खिळा उपटण्याची चोच आहे. कुंपणाच्या तारा ओढणाऱ्यांचे ते हत्यार. तिसरीचे जबडे उघडताना एकमेकांशी समांतर राहतात, त्यामुळे नटाचे कोपरे झिजत नाहीत. अडकित्ता, सांडशी, चिमटा यांच्याच कुळातील ही मंडळी आहेत. परंतु ज्या कामासाठी घडवली त्याहून वेगळे काम समोर आले तरी ती अडत नाहीत.

या कल्पनेला इतिहास आहे. स्वीडनमधील योहान पेटर योहान्सन हा कारागीर यंत्रे दुरुस्त करीत हिंडत असे. त्या काळी नटांची मापे ठरलेली नसल्यामुळे प्रत्येक मापाचा वेगळा पाना बरोबर न्यावा लागे. 1892 मध्ये त्याने फिरत्या पेचाच्या स्क्रू पान्याचे पेटंट घेतले आणि पान्यांच्या ढिगाची जागा एका पान्याने घेतली. पुढे अमेरिकेतील टिम लेदरमन 1975 मध्ये एका जुन्या मोटारीतून युरोपात प्रवास करीत असताना वारंवार बिघडणाऱ्या गाडीने त्याला हैराण केले. खिशातील चाकूला पक्कड जोडलेली असती तर, या विचारातून त्याचे घडीचे हत्यार 1983 मध्ये बाजारात आले. माणसाजवळ साधने थोडी आणि अडचणी पुष्कळ असल्या की अशी हत्यारे जन्म घेतात, हे दोन्ही उदाहरणांतून दिसते.

आपल्या भागात ती का रुजली हेही त्यातच आले. नीरेच्या कालव्यांनी बारामती-इंदापूरची एक बाजू बागायती केली, दुसरी जिरायतीच राहिली. विहिरींवर मोटांच्या जागी तेलावरची इंजिने आली. ऊस आला, साखर कारखाने आले, वालचंदनगरसारखी उद्योगनगरी उभी राहिली. इंजिन बंद पडले की पाण्याची पाळी चुकते आणि पाळी चुकली की पीक जाते. अशा वेळी सायकलच्या कॅरिअरला पिशवी लावून वाडीवस्तीवर जाणारा मिस्त्री हाच आधार असे. त्याला पान्यांचा पूर्ण संच परवडत नसे. एक स्क्रू पाना, एक मिळती पक्कड, थोडी तार आणि कानाने ओळखलेला बिघाड, एवढ्या भांडवलावर त्याने संसार केला. असे मिस्त्री आपल्या समाजातही होते. ते कोणत्याही तंत्रनिकेतनात गेले नव्हते.

येथेच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. गावगाड्यात हत्यार हे माणसाची जात सांगत असे. रापी आणि आरी चांभाराची, चऱ्हाट मांगाचे, घुंगरांची काठी महाराची. हत्यार बापाकडून मुलाकडे जाई आणि हत्याराबरोबर त्याचे प्राक्तनही जाई. काठी टाकून देण्याचा मार्ग नव्हता. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले ते हे बंधन तोडण्यासाठीच. अशी कनिष्ठ वतने नाहीशी करणारा कायदा होण्यास 1958 साल उजाडावे लागले. जातिव्यवस्था नुसते काम वाटून देत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते, हा त्यांनी 1936 मध्ये मांडलेला विचार आपणा सर्वांना परिचित आहे.

नव्या यंत्रांनी हे आपोआप मिटले असे मात्र नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्याने इतरांना विटाळ होईल अशी समजूत होती. त्या खात्यात मजुरी अधिक होती, हे ध्यानात घेतले म्हणजे विटाळाचा अर्थ कळतो. 1938 मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी याच दुःखाला वाचा फोडली: आपला माणूस रुळांवर गँगमन म्हणून राबतो आणि आयुष्यभर गँगमनच राहतो. म्हणजे फावडे हातात होते, परंतु पाना हातात येऊ दिला जात नव्हता.

या पार्श्वभूमीवर ती जुनी पक्कड पाहावी. आपल्या हाती आलेले हे असे लोखंड होते की जे जन्माने मिळाले नव्हते. ते बाजारातून विकत घेतले होते आणि वापरायला डोळ्यांनी शिकले होते. तिच्यावर कोणत्याही जातीचे नाव नव्हते. एका वयोवृद्ध मिस्त्रींनी आम्हांस सांगितले की, ज्या विहिरीवर त्यांच्या आईला पोहरा सोडण्याची मुभा नव्हती, त्याच विहिरीवरचे इंजिन बिघडले तेव्हा त्यांना निरोप देऊन बोलावणे आले. ते विहिरीच्या पायऱ्या उतरून गेले, इंजिन सुरू करून वर आले. कोणी काही बोलले नाही. त्यांना पाणी ओंजळीतच मिळाले, परंतु मजुरी रोख मिळाली. ती हकिगत सांगताना त्यांच्या स्वरात विजय नव्हता, कडवटपणाही नव्हता. ते फक्त म्हणाले, ‘‘पक्कड होती म्हणून उतरलो.’’ ती पक्कड आज आमच्या संग्रहात आहे. तिच्या एका दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आहे.

अशा वस्तू आज कोठे जात आहेत? मिस्त्री निवर्तले की त्यांची पिशवी घराच्या माळ्यावर पडते. घर नवे बांधले की ती भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जाते. उजनी धरणाच्या पाण्याखाली इंदापूर तालुक्यातील जुनी गावठाणे गेली तेव्हा लोकांनी चौकटी आणि तुळयाही उचलून नेल्या. माळ्यावरच्या पिशवीसाठी मात्र कोणी पाण्यात उतरत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी अशी हत्यारे अजून दिसतात. तेथे मिळालेल्या पकडीचा कारखाना एखाद्या ठशावरून ओळखता येतो, साल अजमावता येते. ती कोणी वापरली, हे मात्र कायमचे पुसले गेलेले असते.

आमच्या या उद्योगावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही आमच्याच घरांतून येतात.

पहिला आक्षेप असा की, बाबासाहेबांनी आपल्याला शिका असे सांगितले. मळकट हत्यारे सांभाळत बसा असे नाही. मुलांनी संगणकापुढे बसावे म्हणून ज्यांनी हात काळे केले, त्यांच्या हत्यारांचे प्रदर्शन मुलांपुढे कशासाठी? या आक्षेपामागील वेदना आम्ही जाणतो. परंतु येथे दोन गोष्टींची गल्लत होते. जन्माने लादलेले काम टाकणे वेगळे आणि कष्टाने मिळवलेले कौशल्य विसरणे वेगळे. पहिली मुक्ती आहे, दुसरी कृतघ्नता. उपालि थेर हे शाक्यांचे न्हावी होते. तथागतांनी त्यांना शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या दिली आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे संगायन त्यांनी केले. त्यांच्या हातून वस्तरा सुटला, परंतु वस्तरा हीन ठरला नाही. भिक्खूंच्या अष्ट परिष्कारांत तो सुईच्या शेजारी सन्मानाने आहे. धम्माने माणसाला हत्यारापासून सोडवले आणि हत्याराला कलंकापासून.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. संग्रह ही तृष्णाच नव्हे काय? येथे आम्हांला कबुली दिली पाहिजे. एखादी दुर्मीळ पक्कड दिसली की हात पुढे होतो, ती दुसऱ्याने घेतली की मन खट्टू होते, आणि सात सारख्या पकडी असताना आठवी हवीशी वाटते. हे आम्ही स्वतःत पाहिले आहे. म्हणूनच आम्ही या निष्कर्षाला आलो की हा संग्रह आमच्या घरी राहू नये. खाजगी कपाटात राहिला तर तो परिग्रह होईल. विद्यालयात आला तर तो समाजाचा ठेवा होईल.

पुण्यात दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, कुलपे, भांडी अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रहालय उभे केले आणि 1975 मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. रोजच्या वापरातील वस्तूंनाही इतिहास असतो, हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवले. त्या परंपरेचे ऋण मानून आम्हांस इतकेच म्हणावयाचे आहे की, अडकित्त्याचा नक्षीदार इतिहास जपला गेला, आता ग्रीस लागलेल्या पकडीचा इतिहास जपण्याची पाळी आपली आहे. तो आपल्यावाचून कोणी जपणार नाही.

आमची मागणी साधी आहे. विद्यालयाने एक खोली या हत्यारांसाठी द्यावी. जमवलेले सर्व आम्ही तिच्या स्वाधीन करू. त्याबरोबर चार नियम असावेत असे आम्हांस वाटते. एक, कोणतीही वस्तू पैसे देऊन घेऊ नये. ज्यांच्या घरची आहे त्यांनी दान द्यावी. दोन, ती घासून चकचकीत करू नये. गंज थांबण्यापुरते तेल लावावे. तीन, वस्तूशेजारी तिच्या किमतीची नव्हे तर वापरणाऱ्याच्या नावाची पाटी असावी आणि त्या माणसाची हकिगत विद्यार्थ्यांनी स्वतः जाऊन लिहून आणावी. चार, त्या खोलीत एक कामाचे टेबल आणि शेगडा असावा. वसतिगृहाचा नळ गळला, सायकलची साखळी उतरली, पंख्याचा आवाज येऊ लागला, तर मुलामुलींनी तेथे बसून दुरुस्ती करावी. हत्यार काचेआड ठेवले तर त्याची पूजा होईल आणि पूजेचा धोका आपण ओळखून आहोत. हातात दिले तर त्यातून शिक्षण होईल. मुलींचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला आहे. पक्कड पुरुषाचीच, ही समजूतही मोडीत निघायला हवी.

संयुत्त निकायातील वासिजट सुत्तात सुताराच्या वाकसाचा दृष्टांत आहे. दांड्यावर बोटांचे आणि अंगठ्याचे ठसे उमटलेले सुताराला दिसतात. आज किती झीज झाली आणि काल किती, हे त्याला सांगता येत नाही. झिजले आहे एवढे मात्र कळते. साधकाचे विकारही रोजच्या अभ्यासाने असेच झिजतात, असे भगवंत तेथे समजावतात. आमच्या संग्रहातील पकडींच्या दांड्यांवर अशीच झीज आहे. आपल्या आजोबा-वडिलांच्या तळहातांनी लोखंड झिजले आणि त्याबरोबर गावकुसाबाहेरचे एकेक बंधनही झिजत गेले. कोणत्या दिवशी किती, हे कोणी मोजले नाही.

तेव्हा पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा माळ्यावरची पिशवी खाली काढा. मोडीत घालण्यापूर्वी ती एकदा उघडा, आणि घरातील ज्येष्ठांना विचारा की हे कोणाचे. ते जे सांगतील ते लिहून घ्या. पक्कड नंतर आणलीत तरी चालेल. सांगणारी माणसे थोडी उरली आहेत.

भवतु सब्ब मंगलं.